संमोहन: कोण कोणाला करतं?

चाफेकळी
इथल्या सोनसाखळी चोरीवरच्या धाग्यावर (चोराने दागिने कसे काढून घेतले ती चर्चा) अवांतर फार वाढलं म्हणून हा वेगळा काढतेय. तिथे निम्म्या प्रतिसादांत "नक्की संमोहित केलं असणार", "असल्या लोकांच्या डोळ्यांत बघूच नये" हेच होतं. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. कामात संमोहन वापरते, सगळ्यांवर नाही, पण वापरते. त्यामुळे हात शिवशिवले.

आधी चोरीबद्दल. "आजी, पुढे खून झालाय, साहेब तपासणी करतायत, दागिने काढून रुमालात बांधा" हा तोतया पोलिसांचा प्रकार आपल्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे. त्यात एक जण दरडावतो, दुसरा वाटसरू बनून स्वतःची चेन मुकाट काढून देतो, तिसरा घाई करतो. आजींना विचार करायला उसंतच मिळत नाही. घरी येऊन पुडी उघडली की आत खडे. मग "मी स्वतःच्या हातांनी काढून दिले" हे सुनेला सांगण्यापेक्षा "मला भुरळ घातली" सांगणं सोपं जातं. त्यात आजी खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं. पण हे संमोहन नाही. धाक, घाई आणि हातचलाखी आहे. डिजिटल अरेस्टमध्ये (तोतया पोलिस व्हिडिओ कॉलवरच 'तुम्हाला अटक झाली' सांगतात तो प्रकार) शिकलेली माणसं व्हिडिओ कॉलसमोर दिवसच्या दिवस बसून राहतात आणि ठेव मोडून पैसे भरतात. तिथे कोणी म्हणत नाही की फोनमधून संमोहन केलं. यंत्रणा तीच आहे.

प्रवासात कोणी दिलेलं बिस्कीट किंवा प्रसाद खाऊन शुद्ध हरपली, मधले तास आठवतच नाहीत, असं असेल तर ते औषध आहे. तिथे संमोहनाच्या चर्चेत वेळ घालवू नका. लगेच दवाखान्यात जाऊन रक्त-लघवी तपासा, कारण काही औषधं शरीरात फार वेळ सापडत नाहीत.

आता खरं संमोहन. निराशा होईल, पण बघण्यासारखं त्यात फारसं काही नसतं. आधी नेहमीची हिस्टरी: त्रास काय, कधीपासून, औषधं कोणती. मग काय करणार आहोत ते समजावून सांगते आणि संमती घेते. माणूस खुर्चीत टेकून बसतो. समोरच्या एका बिंदूकडे बघायचं, श्वास संथ करायचा, पापण्या जड होतायत असं मी सांगत राहते, कधी मनातल्या मनात जिना उतरायला लावते. लक्ष एका जागी गोळा झालं की सूचना सुरू: हात हलका होतोय, पोटावर ऊब पसरतेय, दुखणं लांब जातंय. शेवटी उलटे आकडे मोजून डोळे उघडायचे. अर्ध्या तासाचं काम. लंबक नाही, तळपते डोळे नाहीत, दाढी तर नाहीच.

आणि ही झोप नाही. बसलेल्याला माझा आवाज ऐकू येतो, बाहेरचा हॉर्न ऐकू येतो, नाक खाजवावंसं वाटलं तर तो खाजवतो. मेंदूचे आलेख जागेपणाचे असतात. लोकलमध्ये कादंबरी वाचता वाचता आपलं स्टेशन मागे जातं, तेव्हा आपण झोपलेले नसतो, तसं काहीसं. बाहेर येऊन अर्धे लोक म्हणतात, "पण मॅडम, मला तर सगळं कळत होतं, म्हणजे झालंच नाही ना?" झालेलं असतं.

"आणि त्यातून बाहेर आलोच नाही तर?" हेही रोजचं. मी मध्येच खोली सोडून गेले तरी माणूस थोड्या वेळाने कंटाळून डोळे उघडेल, किंवा खरोखरची डुलकी काढून उठेल. अडकून बसलेला माणूस मी पाहिलेला नाही.

या सगळ्या गैरसमजांचं मूळ मला एकच दिसतं. लोकांना वाटतं शक्ती करणाऱ्यात असते. ती करून घेणाऱ्यात असते. आमचं काम वाट दाखवण्यापुरतं.

रानजाई
वाचतेय. नवऱ्याला घोरू नकोस अशी सूचना देता येते का? अर्धा तास चालेल, दिवसभर बसवून ठेवला तरी चालेल.

चाफेकळी
रानजाई, तो झोपेत सूचना ऐकत नाही आणि जागेपणी घोरत नाही, पंचाईत आहे. गंमत सोडा, मोठ्याने घोरत असेल आणि दिवसा पेंगत असेल तर स्लीप अॅप्नियाची (झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराची) तपासणी करून घ्या.

मांडवीकाठ
"शक्ती करून घेणाऱ्यात असते" हे वाचून राहवलं नाही. हे दोनशे वर्षांपूर्वी ठणकावून सांगणारा माणूस आमचा, कांदोळीचा. आबे फारिया.

जन्म ३१ मे १७५६, कांदोळी, बार्देश. लहानपणीच वडिलांबरोबर लिस्बनला गेला, रोमला शिकून पाद्री झाला, १७८८ मध्ये पॅरिसला पोचला. पाठोपाठ राज्यक्रांती. १८१३ पासून पॅरिसमध्ये तो जाहीर प्रयोग करून दाखवायचा. त्या काळात मेस्मर या जर्मन डॉक्टरच्या पंथाचे लोक म्हणत की त्यांच्या हातांतून एक अदृश्य चुंबकी द्रव वाहतो आणि रोग्यात शिरतो. फारिया म्हणाला, द्रव-बिव काही नाही. तो माणसाला खुर्चीत बसवायचा, शांत व्हायला सांगायचा आणि मोठ्याने एकच शब्द म्हणायचा: "झोपा!" (फ्रेंचमध्ये, अर्थात.) झालं तर समोरच्याच्या एकाग्रतेमुळे, नाही झालं तर तो त्या घडणीचा नाही, एवढं साधं. चुंबकवाले भडकले, चर्चवाले भडकले, १८१६ मध्ये तर त्याची टर उडवणारं प्रहसन रंगभूमीवर आलं. १८१९ मध्ये पुस्तक छापलं आणि त्याच वर्षी वारला. त्याचं श्रेय पुढे फ्रान्समधल्याच बर्नहाइम या डॉक्टरने मान्य केलं.

लोकांना तो आठवतो तो द्यूमाच्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या कादंबरीतल्या तुरुंगातल्या म्हाताऱ्यामुळे. ते पात्र या नावावर बेतलेलं, बाकी द्यूमाची कल्पना.

आमच्याकडची आख्यायिकाही ऐका. लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि थिजला. खाली बसलेल्या बापाने कोंकणीत पुटपुटलं, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." पोरगं सुटलं धडाधड बोलत. खरं-खोटं माहीत नाही, पण गोव्यात प्रत्येकाला पाठ आहे.

आणि गंमत अशी की पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा जो पुतळा आहे (रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५), त्यात फारिया दोन्ही हात पसरून उभा आहे आणि पुढ्यात एक बाई कोसळतेय. म्हणजे आयुष्यभर ज्याने "हातात काही नाही" सांगितलं, त्याच्या हातांतच शिल्पकाराने सगळी जादू भरली. शिल्प म्हणून जबरदस्त आहे हो, त्याबद्दल वाद नाही. पण टूरिस्ट येतात, त्याच पोझमध्ये फोटो काढतात आणि तोच समज घेऊन घरी जातात.

चाफेकळी
मांडवीकाठ, सुंदर. मेस्मरच्या द्रवाची परीक्षा आधीच झाली होती, तो किस्सा मी वर्गात हमखास सांगते. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. त्यात बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि ज्याच्या नावाने पुढे गिलोटिन ओळखलं गेलं तो डॉक्टर गिलोतँ. फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या शिष्याने एक झाड 'भारून' ठेवलं आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडांपाशी नेलं. पोरगा घामाघूम झाला, खोकला, आणि चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला. भारलेलं झाड तिथून लांब होतं! समितीने निष्कर्ष काढला की हे सगळं कल्पनाशक्तीचं काम, आणि मेस्मरचा बाजार उठला. मला मात्र वाटतं त्यांनी निम्मं काम सोडून दिलं. नुसत्या कल्पनेने मुलगा बेशुद्ध पडतो, तर ती कल्पना काय चीज आहे हे कोणी विचारलंच नाही. ते विचारायला फारिया यावा लागला, आणि नंतर मँचेस्टरचा सर्जन जेम्स ब्रेड.

शंकासुर
माझी शंका सरळ आहे. द्रव नाही, झोप नाही, माणसाला सगळं कळतंय. मग उरलं काय? समोरचा डॉक्टर नाराज होऊ नये म्हणून केलेलं नाटक. तुम्ही "हात वर जातोय" म्हणता, मी भिडेखातर वर करतो.

चाफेकळी
शंकासुर, हा प्रश्न आमच्या क्षेत्रात पन्नासेक वर्षं भांडून झालाय आणि भांडण संपलेलं नाही. एक बाजू म्हणते ही वेगळी मनोवस्था आहे. दुसरी म्हणते अपेक्षा, भूमिका आणि कल्पनाशक्ती यांवर सगळं समजावता येतं, वेगळी अवस्था मानायची गरज नाही. पण "नुसतं नाटक" असं आता दोन्ही बाजूंचे जाणकार म्हणत नाहीत.

कारण सांगते. एक चाचणी असते: 'निळा' हा शब्द लाल शाईत छापायचा आणि विचारायचं, शाईचा रंग कोणता? आपण अडखळतो, कारण वाचणं थांबवता येत नाही. ठरवूनही येत नाही. २००२ मध्ये आमीर राझ यांच्या गटाने संमोहनाला चांगला प्रतिसाद देणाऱ्या लोकांना सूचना दिली की ही अक्षरं तुम्हाला परक्या भाषेतली, निरर्थक दिसतील. त्यांचं अडखळणं जवळजवळ गेलं. हे भिडेखातर करून दाखवा बरं.

दुसरं वेदनेचं. १९९७ मध्ये रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी लोकांचे हात ४७ अंशांच्या पाण्यात ठेवले आणि संमोहनात सूचना दिली की हे कमी त्रासदायक आहे, किंवा जास्त आहे. पाणी तेच. मेंदूच्या स्कॅनमध्ये वेदनेच्या 'नकोशेपणा'शी जोडलेला भाग सूचनेप्रमाणे बदलला. स्पर्श-तीव्रता नोंदवणारा भाग तसाच राहिला. म्हणजे चटका कळतोय, पण त्याचं दुःख कमी झालंय.

तुमच्या शंकेत तथ्य आहे तेवढं देऊन टाकते: भीड हा घटक खराच आहे. मार्टिन ऑर्न या मानसशास्त्रज्ञाने तो फार हुशारीने मोजला. "संमोहित माणूस सांगू ते भयंकर काम करतो का" हे तपासताना त्याने आणि एव्हान्सने १९६५ मध्ये दुसरा एक गट घेतला, ज्याला संमोहित असल्याचं फक्त सोंग करायला सांगितलं होतं. विषारी सापाला हात लावा, अॅसिडमध्ये बोटं घाला, ते कुणाच्या तोंडावर फेका. (सुरक्षेची सोय गुपचूप केलेली होती.) संमोहितांनी केलं. सोंगाड्यांनीही केलं! नंतर दोघांनी सांगितलं की प्रयोगशाळेत खरा अपघात होऊ देणार नाहीत एवढा भरवसा होता. संमोहनाने माणूस गुलाम होतो याचा पुरावा असं म्हणून जे दाखवलं जाई, ते साध्या माणसाकडूनही होतं हे त्यातून कळलं.

आणि सगळ्यांना सारखं जमत नाही. कोण किती प्रतिसाद देतो ते मोजायला १९५९ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मोजपट्ट्या आहेत. ढोबळमानाने दहा-पंधरा टक्के लोक फार चांगला प्रतिसाद देतात, तेवढेच जवळपास काहीच देत नाहीत, बाकी मधले. भोळेपणाशी किंवा कमी बुद्धीशी याचा संबंध नाही. पंचवीस वर्षांनी त्याच लोकांना परत मोजलं तेव्हाही गुण बरेचसे तिथेच होते.

टेक्सासचा भाऊ
इकडे हायस्कूलच्या ग्रॅज्युएशनच्या रात्री संमोहनाचे शो ठेवतात. मुलाच्या वर्गातला एरवी तोंड न उघडणारा पोरगा स्टेजवर कोंबडीसारखा फडफडत होता. ते कसं मग?

चाफेकळी
भाऊ, शो सुरू व्हायच्या आधी काय झालं ते आठवा. सगळ्या हॉलला हातांची बोटं गुंफायला सांगतात, "आता सुटणार नाहीत". ज्यांची खरंच अडकतात तेवढे वर येतात. त्यातलेही निम्मे पहिल्या पाच मिनिटांत गोड बोलून खाली पाठवतात. उरतात ते मुळात चांगला प्रतिसाद देणारे, आणि स्वतःहून वर आलेले. समोर मित्र शिट्ट्या मारतायत, आणि "मी नाही, त्याने करायला लावलं" ही सोय आयती हातात. मुखदुर्बळ पोराला यापेक्षा मोकळीक कुठे मिळणार? ब्रिटनमध्ये अशा शोंसाठी १९५२ पासून वेगळा कायदा आहे, ते मला पटतं. कोणाला चक्कर येते, कोणाला रडू कोसळतं, आणि स्टेजवरचा माणूस ते सांभाळायला शिकलेला नसतो.

भूलवाला डॉक्टर
भूलतज्ज्ञ म्हणून दोन पैसे. भूल यायच्या आधी संमोहनावर मोठ्या शस्त्रक्रिया झाल्यात, त्याही आपल्या देशात. जेम्स एस्डेल, स्कॉटिश सर्जन, हुगळी. १८४५ मध्ये एका कैद्याच्या अंडवृद्धीच्या ऑपरेशनने सुरुवात, पुढे हत्तीरोगाच्या प्रचंड गाठी. १८४६ मध्ये कलकत्त्यात त्यासाठी स्वतंत्र इस्पितळ निघालं. अंधाऱ्या खोलीत देशी कंपाउंडर तासन् तास रोग्यावर हात फिरवत बसायचे, साहेब येऊन कापायचा. नाव एस्डेलचं झालं, मनगटं कंपाउंडरांची दुखली. त्याच १८४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टनला इथरचं प्रात्यक्षिक झालं, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म आलं. दोन मिनिटांत हमखास भूल मिळते म्हटल्यावर हात फिरवत कोण बसणार?

त्यामुळे "भुलीऐवजी संमोहन" असं कोणी म्हणालं तर लांब राहा. भुलीच्या जोडीला, हे मात्र खरं आहे. बेल्जियममध्ये लिएजच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९२ पासून थायरॉइडची ऑपरेशनं जागेवर बधिर करून, थोडं गुंगीचं औषध आणि संमोहन, अशी करतात. २००७ मधला अमेरिकेतला अभ्यासही चांगला आहे: स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी दोनशे स्त्रियांपैकी साधारण निम्म्यांना पंधरा मिनिटांचं संमोहन. त्यांना औषधं कमी लागली, नंतर दुखणं आणि मळमळही कमी. आमच्याकडे थिएटरबाहेर पेशंटला पंधरा मिनिटं कोणी धड बोलत नाही, हा वेगळा विषय.

मुगाची खिचडी
माझी मैत्रीण वीकेंडच्या पूर्वजन्म वर्कशॉपला जाऊन आली. गेल्या जन्मी ती पेशव्यांच्या वाड्यात होती म्हणे. रडली, मन हलकं झालं, सासूबाईंवरचा राग गेला. फायदा झालाय तर बोलायचं का काही?

तिरकस तात्या
गेल्या जन्मी कोणीच कसं वाड्यातलं खरकटं काढत नव्हतं?

चाफेकळी
तात्या :)

खिचडी, मैत्रिणीला टोचून बोलू नका, तिचं रडणं खरं आहे. पण ती आठवण आहे असं मानू नका. संमोहनात आठवणी टेपसारख्या बाहेर येतात हा सगळ्यात महागात पडलेला गैरसमज. होतं असं की कल्पना मोकळी सुटते, तपशील भरपूर येतात, आणि ते खरे असल्याची खात्री वाढते. अचूकता वाढत नाही. १९५२ मध्ये अमेरिकेत एका गृहिणीने संमोहनात आपण एकोणिसाव्या शतकातली ब्रायडी मर्फी नावाची आयरिश बाई असल्याचं सांगितलं, त्यावर पुस्तक आलं, तुफान खपलं. पत्रकारांनी शोध घेतला तर तिच्या लहानपणी शिकागोत समोरच्या घरात एक आयरिश बाई राहत होती, माहेरचं नाव ब्रायडी मर्फी. गृहिणी खोटं बोलत नव्हती, आपण हे कुठे ऐकलं ते विसरली होती. पुढे निकोलस स्पॅनोस यांनी प्रयोग केले, त्यात दिसलं की आधी जशी अपेक्षा घालून द्यावी तसा पूर्वजन्म निघतो.

पूर्वजन्मात पेशवाई निघाली तर सासूबाई सुटल्या, ठीक. पण याच पद्धतीने "लहानपणी काकांनी काहीतरी केलं होतं" असं निघालं तर? १९८०-९० च्या दशकांत अमेरिकेत अशा 'सापडलेल्या' आठवणींवरून घरं फुटली, खटले झाले. म्हणून भूतकाळ 'खणून' देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब. मी संमोहनात आठवणी शोधत नाही.

तिरकस तात्या
मग पोलिस नार्को करतात ते काय?

चाफेकळी
ते संमोहन नाही, शिरेतून दिलेलं गुंगीचं औषध आहे. आणि सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० ला सांगितलंय की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग करता येणार नाही. गुंगीतला माणूसही खोटं बोलतो आणि कल्पना करतो.

तात्या, तुम्हाला गृहपाठ. वीतभर दोऱ्याला अंगठी बांधा, कोपर टेबलावर टेकवून लोंबती धरा. हात अजिबात हलवायचा नाही. मनात फक्त म्हणा, "गोल फिरतेय". काय होतं ते इथे लिहा.

तिरकस तात्या
फिरली. बायकोने आधी अंगठी मागून घेतली, मग भुताटकी म्हणून ओरडली. आता ती विचारतेय की प्लँचेटची वाटी पण अशीच का?

चाफेकळी
अशीच. शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे १८३३ मध्येच लिहून ठेवलंय. विचारासोबत बोटांचे इतके बारीक स्नायू हलतात की आपल्याला पत्ता लागत नाही. तो दोरा तुम्हीच फिरवलात, तरी "मी फिरवला" असं वाटलं नाही ना? संमोहनात हात उचलला जातो तेव्हा माणसाला नेमकं असंच वाटतं. शंकासुर, तुम्हीही करून बघा.

शंकासुर
केलं. नाटक हा शब्द मागे. बाकी शंका राखून ठेवल्यात.

वाटसरू७२
माझा एक प्रश्न. मला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, पोटदुखी आणि शौचाच्या सततच्या तक्रारी) आहे, बरीच वर्षं. गोळ्या, पथ्य, काढे सगळं झालं. एका जाहिरातीत "एका बैठकीत कायमचा इलाज, सिगारेटही सुटेल" असं आहे. जावं का?

चाफेकळी
वाटसरू, त्या जाहिरातीकडे नको. पण आयबीएस हा संमोहनाचा सगळ्यात भक्कम पुरावा असलेल्या विकारांपैकी एक आहे. मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये तीस रुग्णांवर पहिला अभ्यास छापला, पुढे बरंच काम झालं. औषधांनी वर्षभरात फरक पडला नाही तर संमोहनोपचाराचा विचार करावा असं ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेचं मार्गदर्शनच आहे. आठवड्याला एक अशा सात ते बारा बैठका आणि घरी रोज रेकॉर्डिंग ऐकून सराव. एका बैठकीत काही होत नाही. सिगारेटसाठी पुरावा कमकुवत आहे, इतर उपायांपेक्षा सरस असं दाखवता आलेलं नाही.

आधी पोटाच्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्या की आयबीएसच आहे. शौचातून रक्त, वजन घटणं, रक्तक्षय यांतलं काही असेल तर संमोहन बाजूला ठेवा, तपासण्या आधी. पूर्वी भास होणं, भ्रम असा काही त्रास झाला असेल तर तेही सांगा, अशा वेळी आम्ही संमोहन टाळतो.

माणूस निवडताना एकच विचारा: संमोहन येत नसतं तर तुम्ही माझ्यावर उपचार करू शकला असता का? म्हणजे तो मुळात मानसोपचारतज्ज्ञ, डॉक्टर किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हवा. दोन दिवसांच्या कोर्सचं भिंतीवरचं प्रमाणपत्र चालणार नाही. घरचं कोणी सोबत बसू द्यायला नकार देत असेल तर उठून या. संमोहनात माणूस गुलाम होत नाही, पण विश्वासाचा गैरफायदा कुठल्याही बंद खोलीत घेता येतो.

वाटसरू७२
धन्यवाद ताई. पुण्यात कोणी माहितीतलं?

चाफेकळी
नावं धाग्यावर नकोत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. जुने रिपोर्ट शोधून ठेवा तोवर.